अनुदान मागून येतं, भाडं आधी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 9 वर्षं बालवाडीत शिकवलं. गेल्या वर्षी नोकरी सोडली. आता स्वतःचं पाळणाघर काढायचं मनात आहे, साधारण 20 मुलांचं. जागा पाहून ठेवलीय. जागामालक अनामत रक्कम मागतात आणि महिनाअखेरपर्यंत करार करा म्हणतात. साठवलेल्या पैशांतून अनामत आणि चार महिन्यांचं भाडं एवढंच भागेल. बाकीच्यासाठी अनुदान मिळवायचं ठरवलंय. 'महिलांना पाळणाघरासाठी शंभर टक्के अनुदान' अशी जाहिरात पाहून एका एजंटला फोन केला, तर तो म्हणतो, आधी फाइलचे पैसे भरा, मग मंजुरी नक्की. यजमान म्हणतात, अनुदान हातात आल्याशिवाय एक पाऊलही टाकू नको. सासूबाई म्हणतात, उघडून टाक, मुलं आली की पैसा येतो. मी कोणाचं ऐकू? अनुदान नेमकं कुठे मिळतं, अर्जात काय लिहायचं आणि किती दिवस लागतात?

उत्तर : दोन गोष्टी आजच करा. एजंटला नाही म्हणून कळवा. आणि जागामालकांना सांगा, की या जागेत पाळणाघराचा परवाना मिळू शकतो का हे तपासल्याशिवाय मी सही करणार नाही. ते थांबायला तयार नसतील तर ती जागा जाऊ द्या. जागा पुन्हा मिळते. करारात अडकलेली अनामत सहजासहजी परत मिळत नाही.

एजंटबद्दल एवढं सांगते. खरं अनुदान देणारं कुठलंही सरकार किंवा विश्वस्त संस्था 'मंजुरी नक्की' असं अर्ज वाचण्याआधी सांगत नाही, आणि मंजुरीसाठी आधी पैसेही मागत नाही. काही योजनांत अर्जाचं थोडं शुल्क असतं, पण ते त्या खात्याच्या नावे रीतसर पावती घेऊन भरायचं असतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था, लोकांना नेमकं याच फसवणुकीपासून वर्षानुवर्षं सावध करत आलंय. तिथल्या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी खात्याने, स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने तर स्पष्ट म्हटलंय, की नवा धंदा सुरू करायला किंवा वाढवायला आम्ही अनुदान देत नाही, कर्जाला मदत करतो. शंभर टक्क्यांची जाहिरात वाचून तुमच्या मनात आशा निर्माण झाली असेल, ती मोडताना मला वाईट वाटतंय. पण ते पैसे तुमच्या मुलांच्या गाद्यांचे आहेत, ते त्याच्या खिशात जायला नकोत.

आता यजमान आणि सासूबाई. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. का ते माझ्याच अनुभवातून सांगते.

मी 22 वर्षं पाळणाघर चालवलं. पहिलं अनुदान मिळालं पाचव्या वर्षी. त्याआधी दोनदा अर्ज नामंजूर झाला. पहिला अर्ज मी 14 पानी लिहिला होता. मुलांवर माझं किती प्रेम आहे, आईपण म्हणजे काय, समाजाला पाळणाघराची किती गरज आहे, सगळं होतं त्यात. किती मुलं, किती वयाची, किती वाजता येणार, कोणाच्या हाताखाली असणार, हे कुठेच नव्हतं. दुसऱ्या वेळी ते सगळं लिहिलं, पण अग्निसुरक्षेचा दाखला जोडला नाही, कारण तो माझ्याकडे नव्हताच. तिसऱ्या वेळी मी फक्त एकच गोष्ट मागितली : लहान मुलांच्या उंचीची दोन स्वच्छतागृहं आणि हात धुण्याची जागा. अर्ज चार पानांचा. तो मंजूर झाला.

खरी परीक्षा त्यानंतर आली. मंजुरीच्या पत्रात लिहिलं होतं, की काम पूर्ण करून पावत्या सादर केल्यावर रक्कम देण्यात येईल. ही ओळ मी वाचली होती, पण तिचा अर्थ मनात उतरला नव्हता. प्लंबर, गवंडी, फरशीवाला, सगळ्यांचे पैसे मी आधी दिले. रक्कम खात्यात आली सात महिन्यांनी. त्या सात महिन्यांत मदतनीस बायकांचे पगार द्यायला मी बहिणीकडून उसने पैसे घेतले आणि एका बाईचा पगार तरीही 20 दिवस उशिरा झाला. ती काही बोलली नाही. तिच्या मुलाची फी त्याच महिन्यात भरायची होती हे मला नंतर कळलं. ते मला अजून बोचतं.

म्हणून माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे : अनुदान हा मागून येणारा पैसा आहे. बहुतेक अनुदानं आधी परवाना मागतात, आधी मुलं मागतात किंवा आधी खर्च मागतात. इंग्लंडचं उदाहरण घ्या. घरी मुलं सांभाळणाऱ्या नव्या बायकांसाठी तिथल्या सरकारने 2023 मध्ये सुरुवातीचं अनुदान जाहीर केलं : ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी केली तर 600 पौंड, एजन्सीमार्फत केली तर 1,200 पौंड. खास नव्यांसाठी काढलेली योजना, तरीही पैसे नोंदणी झाल्यावर. कोविडच्या महासाथीत अमेरिकेने 2021 च्या कायद्याने पाळणाघरं तगवायला जवळपास 24 अब्ज डॉलर दिले. पण ते आधीपासून परवाना असलेल्या किंवा सरकारी योजनेत पात्र असलेल्या पाळणाघरांसाठी होते. कल्पना मनात असलेल्या बाईसाठी नव्हते.

भारतात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे 2008 पासूनच्या पीएमईजीपीमध्ये, अनुदान बँकेच्या कर्जाला बांधलेलं असतं. बँक आधी तुमचा प्रकल्प तपासते आणि कर्ज मंजूर करते. मग प्रकल्पखर्चाच्या 15 ते 35 टक्के अनुदान येतं, तेही तीन वर्षं ठेवीत अडकून राहतं. धंदा नीट चालू आहे हे दिसलं की कर्जात वळतं होतं. शिवाय स्वतःचा काही टक्के वाटा घालावाच लागतो. तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रात नाही, म्हणून वेगवेगळ्या देशांची उदाहरणं देतेय. सगळीकडे घडण हीच दिसते.

तेव्हा यजमानांना सांगा, अनुदानाची वाट पाहून सुरुवात करायची म्हटलं तर सुरुवात होणारच नाही. सासूबाईंना सांगा, मुलं येतात हे खरं, पण पहिल्या दिवशी 20 येत नाहीत.

हा 20 चा आकडा तुम्ही कुठून आणलात? जागेच्या चौरस फुटांवरून आणला असेल तर पुन्हा मांडा. तो मुलांच्या वयावरून यायला हवा. इंग्लंडमध्ये 2 वर्षांखालच्या दर 3 मुलांमागे 1 मोठं माणूस लागतं. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकेल, पण तान्ह्या मुलाला सांभाळणारे हात सगळीकडे तेवढेच लागतात. 12 तान्ही मुलं घेतलीत तर 4 बायका आल्या, आणि एक आजारी पडली तर पाचवी हवी. पाळणाघरात खेळणी महाग नसतात, पगार महाग असतात. निम्म्याहून जास्त खर्च त्यातच जातो. म्हणून जमाखर्च मांडताना पहिले सहा महिने निम्म्याच जागा भरतील असं धरा. मी पहिल्या वर्षी 18 मुलं धरली होती. सातव्या महिन्यापर्यंत 8 होती. हा हिशोब लिहून काढलात की तुम्हाला खरं किती पैसे लागतात ते कळेल, आणि अनुदान नेमकं कशासाठी मागायचं तेही.

आता 'कुठे मिळतं' याचं उत्तर. 'पाळणाघर सुरू करण्यासाठी अनुदान' असं शोधलंत की एजंटच सापडतील. पैसा दुसऱ्या नावांनी असतो.

सगळ्यांत मोठा आणि टिकाऊ पैसा मुलाच्या नावाने येतो. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाची फी सरकार भरतं किंवा काही वाटा उचलतं, आणि तो पैसा ते मूल ज्या पाळणाघरात जातं तिथे पोचतो. अमेरिकेत 1990 पासून असलेली चाइल्ड केअर अँड डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट मुख्यतः अशीच चालते. कागदोपत्री ती राज्यांना मिळते, राज्यं कुटुंबांना मदत करतात आणि त्यातून पाळणाघराला दर महिन्याला पैसे मिळतात. आमच्याकडे या योजनेतली मुलं चालतात, एवढी नोंदणी तुम्ही वेळेत केलीत तर एखाद्या मोठ्या अनुदानापेक्षा त्याचा आधार जास्त. पुष्कळ बायका हे बघतच नाहीत, कारण त्याच्या नावात 'व्यवसाय' हा शब्द नसतो.

दुसरा पैसा जेवणाच्या नावाने येतो. अमेरिकेचा कृषी विभाग पाळणाघरातल्या मुलांच्या पोषक जेवणाचा आणि मधल्या खाण्याचा खर्च ठरलेल्या दराने परत देतो. घरगुती पाळणाघरंही एखाद्या प्रायोजक संस्थेमार्फत त्यात येतात. रोज किती मुलं जेवली, काय वाढलं, याची नोंदवही मात्र त्याच दिवशी भरलेली असावी लागते. महिनाअखेरीस बसून आठवून भरलेली वही तपासनिसाला लगेच ओळखू येते. हजेरी एक सांगते आणि जेवण दुसरंच.

तिसरा, आणि मला वाटतं तुमच्यासाठी सगळ्यांत जवळचा, म्हणजे आसपासच्या कंपन्या, रुग्णालयं, कारखाने. भारतात 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावं असंही म्हटलं. ही सोय स्वतंत्र असावी किंवा इतरांबरोबर सामाईक, दोन्ही चालतं. प्रत्येक कंपनीला स्वतःचं पाळणाघर चालवणं जमत नाही. तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर अशा किती आस्थापना आहेत ते मोजा. त्यांच्या मनुष्यबळ विभागात जाऊन विचारा : पाच जागा वर्षभरासाठी राखून ठेवाल का, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्याल का? याला कोणी अनुदान म्हणणार नाही. पण आगाऊ येणारा पैसा बहुतेक इथेच असतो, आणि तुम्हाला नेमका आगाऊच हवाय. मी हे बाराव्या वर्षी शिकले. तुम्ही पहिल्याच महिन्यात करून पाहा.

विश्वस्त निधी आणि कंपन्यांचे सामाजिक उपक्रम देतात, पण बहुधा नोंदणीकृत सेवाभावी संस्थेला. सरकारंसुद्धा कधीकधी तसंच करतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1997 पासून, सुरुवातीला दिवसाला 5 डॉलरमध्ये, मूल सांभाळण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिचा कणा म्हणजे ना-नफा केंद्रं. त्यांच्या संचालक मंडळात पालकांचं बहुमत असतं. भारतात बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत सुरू केलेली मोबाइल क्रेशेस ही संस्थाही सेवाभावीच. आणि केंद्र सरकारची पाळणा योजना, जी 6 महिने ते 6 वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे आणि आता मिशन शक्ती या महिलांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमाचा भाग आहे, ती राज्यांमार्फत चालते. खासगी धंदा काढणाऱ्या बाईला भांडवल द्यायला ती नाही. तुमच्या ओळखीचं कोणी तिचं नाव घेऊन आशा लावत असेल तर हे लक्षात असू द्या.

मग मी संस्थाच नोंदवू का, असं पुढचं पत्र येईल. अनुदानासाठी म्हणून संस्था काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती. संस्थेचा पैसा तुमचा नसतो. तुम्ही तिथे पगारी असता, निर्णय कार्यकारिणी घेते, आणि कार्यकारिणी तुम्हाला बाजूलाही करू शकते. ज्यांना मनापासून तसं काम करायचंय त्यांनी जरूर करावं. तुमच्या पत्रात मला स्वतःचं काही उभं करायची इच्छा दिसते, आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी एखाद्या जुन्या, ऑडिट नियमित असलेल्या संस्थेबरोबर लेखी करार करता येतो. अर्ज त्यांचा, गरजू मुलांच्या ठरावीक जागा तुमच्याकडे, पैसा त्या जागांपुरता.

आता अर्ज. पाळणाघर सोपवल्यानंतर मी सहा वर्षं एका विश्वस्त निधीच्या निवड समितीवर होते, तेव्हा समोरच्या बाजूने काय दिसतं ते सांगू शकते. आम्ही पहिलं पान वाचून शेवटचं पान उघडायचो, म्हणजे जमाखर्च. आकडे आणि गोष्ट जुळत नसेल तर मधली पानं कोणी वाचत नसे. एका बाईंनी 40 प्रकारच्या खेळण्यांची यादी दिली होती, किमतीसकट. लंगोट कुठे धुणार, आजारी मूल कुठे झोपवणार, याबद्दल एक शब्द नव्हता. दुसऱ्या एका अर्जात फक्त हाताने लिहिलेला एक तक्ता होता : 17 कुटुंबं, मुलाचं वय, आई कामावर किती वाजता निघते, परत किती वाजता येते, सध्या मूल कोणाकडे असतं. शेवटच्या रकान्यात चार ठिकाणी लिहिलं होतं, 'थोरल्या बहिणीकडे, ती शाळेत जात नाही.' त्या तक्त्यानंतर आमच्या टेबलावर कोणी फारसं बोललं नाही. अनुदान त्यांना मिळालं.

असा तक्ता तुम्ही या पंधरवड्यात करा. बालवाडीत 9 वर्षं शिकवलंत, पालक ओळखतात. घरोघर जा. 'पाळणाघर काढलं तर पाठवाल का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'एक महिन्याची फी भरून नाव नोंदवाल का' असं विचारा. जितके हो म्हणतील तेवढी तुमची मुलं.

मागायचं ते एकाच कामासाठी मागा. सुरक्षित फाटक, स्वच्छतागृह, दोन मदतनिसांचं प्रशिक्षण, अपंग मुलासाठी उतरण. चालू पगारासाठी एकरकमी अनुदान मागू नका. ते संपलं की त्या बाईला काय सांगणार? अमेरिकेतल्या त्या 24 अब्ज डॉलरच्या निधीची मुदत सप्टेंबर 2023 मध्ये संपली, तेव्हा त्यातून पगारवाढ दिलेल्या पाळणाघरांसमोर हाच प्रश्न आला. प्रत्येक खर्चाला कोटेशन जोडा. तुमचा स्वतःचा वाटा किती ते लिहा, अगदी थोडा असला तरी. आणि पहिला अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. मी पहिल्या वेळी लाजून मागितलं नाही, त्यात माझं एक वर्ष गेलं.

किती दिवस लागतात? अर्जाच्या तारखा बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा किंवा दोनदा येतात. अर्ज, छाननी, भेट, मंजुरी, काम, पावत्या, रक्कम. एक वर्ष धरा आणि त्या वर्षात अनुदानाचा एक पैसाही न धरता पाळणाघर चाललं पाहिजे असा हिशोब करा. तुमच्या रकमेत मला वाटतं 6 ते 8 मुलांचं सुरू होईल, आणि नियमात बसत असेल तर स्वतःच्या घरात. भाडं नसलं की तुमचे ते चार महिने वर्षभर पुरतील. आधी महिला व बालविकास खात्याच्या किंवा तुमच्याकडे जे परवाना देतं त्या कार्यालयात जा. जागेची मोजमापं, अग्निसुरक्षा, पोलिस पडताळणी, काय काय लागतं त्याची यादी घेऊन या. ती यादी हातात आल्यावर मला पुन्हा लिहा, आपण पुढचं बघू.

प्रश्न : मी घरीच 5 मुलं सांभाळते, पालक रोख पैसे देतात, नोंदणी केलेली नाही. मला कुठलं अनुदान मिळेल का?

उत्तर : आज तरी नाही, कारण कागदावर तुमचं पाळणाघर नाहीच. पण तुमच्याकडे मुलं आहेत, आणि वरच्या पत्रातल्या भगिनींपेक्षा तुम्ही त्या बाबतीत पुढे आहात. उद्यापासून हजेरीची वही ठेवा, मुलाचं नाव, आल्याची आणि गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. प्रत्येक फीची पावती द्या, पैसे बँकेतून घ्या. मग नोंदणी करा. सहा महिन्यांची अशी वही आणि बँकेचं पासबुक बघितलं की कर्ज देणारा अधिकारीही वेगळ्या नजरेने बघतो. कर भरावा लागेल या भीतीने अनेकजणी नोंदणी टाळतात. एखाद्या सीएंना एकदा विचारा. आणि मुलाला काही इजा झाली तर बिननोंदणीच्या घरात विम्याचं संरक्षण मिळत नाही, हेही विसरू नका.

प्रश्न : आमच्या पाळणाघराला खेळाच्या मैदानासाठी अनुदान मिळालं. त्यातली काही रक्कम शिल्लक आहे. छत गळतंय, ते दुरुस्त करून घेऊ का? कोणाला कळणार नाही असं भागीदार म्हणतात.

उत्तर : नको. कळतं, आणि तेही वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागला या दाखल्यावर, सीएंची सही घेताना कळतं. मैदानाचा पैसा छताला लावला तर पूर्ण रक्कम परत मागू शकतात आणि पुढच्या अर्जाचं दार बंद होतं. पण छत गळत असताना मुलांना त्याखाली बसवायचंही नाही. ती खोली आजच बंद करा. मग देणाऱ्या संस्थेला पत्र लिहा : शिल्लक किती, छताची अवस्था काय, दुरुस्तीचं कोटेशन किती, फोटो सोबत. शिल्लक रक्कम या कामाला वापरायची लेखी परवानगी मागा. मी समितीवर असताना अशी पत्रं यायची, आणि खरं बोलणाऱ्यांना आम्ही बहुतेकदा हो म्हटलं. लेखी उत्तर येईपर्यंत त्या खात्याला हात लावू नका, आणि पत्राची पोच जपून ठेवा.